भीती विचारून मशीन चालू करणारे बशीरभाई

बशीरभाई, तुम्ही गेल्याला महिना होत आला. त्यातले पहिले बारा दिवस माझ्या कामावर मला कुणीही ‘नको’ म्हटलं नाही.

मशीन त्या बांधावर चढवा म्हटलं, चढवलं. ओढ्याच्या कडेनं खणा म्हटलं, खणलं. डंपरला दोन खेपा जास्त मारायला सांगितल्या, मारल्या. ‘व्हय शेट.’ ‘करतो शेट.’ ‘तुमी म्हणाल तसं शेट.’ इतकी वर्षं मला हेच हवं होतं. ते मिळालं आणि सकाळी कामावर निघायला मी टाळाटाळ करायला लागलो. आपली दोन्ही पोकलेन मशीनं डोंगराच्या पायथ्याशी माती काढतात. तिथे सगळी माणसं सगळ्याला हो म्हणत असतील, तर कुणालाच काही दिसत नाही, किंवा सगळ्यांना दिसतंय आणि एकट्या मला कळत नाही. यातलं दुसरंच खरं असणार हे मला माहीत होतं.

आधीच सांगतो, माझं तुमच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची रीत आहे. ती मला जमणार नाही. तुमच्याबद्दल चार चांगले शब्द मी तुम्ही समोर असताना बोललो नाही. आता एकदम ओतायला लागलो तर तुम्हीच म्हणाल, ‘दत्ता, काय काम काढलंस?’

भोरला तुमच्या मातीला मी आलो होतो. मागं उभा राहिलो, पुढं कुठल्या तोंडानं येणार? तीस वर्षं मशीननं डोंगर उकरणारा माणूस, आणि त्याची कबर चार जणांनी कुदळ-फावड्यानं खणलेली. माझ्या शेजारी आपला बाळू उभा होता. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं खड्ड्याच्या कडेकडे बघितलं, एक पाऊल मागं सरला आणि मगच वाकला. माती द्यायला पुढं आलो तो मी थेट कडेवरच उभा. तुमच्या धाकट्या भावानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. ‘शेट, कड कच्ची हाय,’ म्हणाला. तुमच्या घरातला माणूस, त्या वेळीसुद्धा त्याचं लक्ष कडेकडे.

बाळू वेल्ह्याकडचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, तुम्ही हाताला धरून शिकवलेला ऑपरेटर. आपलं फाटलं त्या दिवशी तुमची चावी त्याच्याच हातात गेली.

पण त्याआधीचं. नसरापूरजवळ हायवेच्या कामावर आपण एकाच ठेकेदाराकडे होतो. तुम्ही मशीनवर, मी डंपरवर. मी जुनं मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा मालकाशी तीन दिवस घासाघीस केली, आणि तिन्ही दिवस तुम्ही त्या मशीनच्या साखळीखाली झोपून काय काय झिजलंय ते मला येऊन सांगत होता. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक दोषावर मी भाव पाडला. मग तुम्ही तुमची लागलेली नोकरी सोडून त्या खटाऱ्यावर बसलात. का बसलात हे मी कधी विचारलं नाही. माझ्या जिभेनं ते मशीन आलं, असंच मी आजवर सांगत आलो. चारचौघांत तुम्ही मला शेट म्हणायचात, आणि दोघंच असलो की दत्ता. मी दोन्हीकडे तुम्हाला बशीरभाईच म्हणायचो, पण कामाची वेळ आली की आवाज मालकाचा लागायचा.

तुमची ती सकाळची पद्धत मला कधीच पटली नाही. चावी लावायच्या आधी तुम्ही सगळ्यांना मशीनच्या बकेटपाशी गोळा करायचात, डंपरवाल्यांना, दगड वेचणाऱ्या बायांना, सगळ्यांना. आणि एकेकाला विचारायचात, ‘आज कशाचं भ्या वाटतंय?’

‘बायकूचं,’ एखादा डंपरवाला म्हणायचा.

‘ते समद्यांनाच हाय. दुसरं सांग.’

‘बिरेक जरा खाली जातोय.’

‘मंग हे आधी सांगावं का बायकू आधी सांगावी?’

सगळे हसायचे आणि तो डंपर त्या दिवशी उतारावर जायचा नाही. सगळ्यात आधी तुम्ही दगड वेचणाऱ्या हौसाबाईंना विचारायचात, कारण ऑपरेटर बोलून गेला की मग त्या तोंड उघडत नाहीत, असं तुमचं म्हणणं. एकदा त्या पदर सावरत म्हणाल्या, ‘त्यो वरचा धोंडा काल हितं नव्हता.’ बास. तुम्ही दोन तास मशीन चालू केलं नाहीत. धोंडा खाली काढलात, मग काम.

मी आलो की मला ते सगळे उभे दिसायचे आणि माझं डोकं फिरायचं. ‘बशीरभाई, हे काय भजन लावलंय? माणसं घाबरवून ठेवता तुम्ही.’

‘घाबरल्यालीच असत्यात रं,’ तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात. ‘म्या फकस्त इचारतो.’

आणि विचारून तुम्ही गप्प बसायचात. मी प्रश्न विचारतो आणि उत्तरही मीच देतो, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. ‘काही अडचण नाही ना? नाही ना? चला मग.’ यात समोरच्यानं बोलायचं कुठं?

पालीचं काम आठवतं? राजगडाला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा सपाट करायची होती. एक म्हातारी शेण गोळा करत आली आणि म्हणाली, हितं कार्तिकापर्यंत पाणी पाझरतं. तेवढ्यावर तुम्ही अर्धा दिवस मशीन लांब लावून ठेवलंत. मी नसरापूरहून शिव्या देत आलो. दुसऱ्या दिवशी, जिथं मशीन उभं करायचं होतं तिथंच माती चिखल होऊन खाली बसली. जागेच्या मालकाला मी छाती पुढं काढून सांगितलं, ‘माझा अंदाज होता, म्हणून थांबवलं.’ तुम्ही शेजारी उभे होता. मग त्या म्हातारीला आपल्या डब्यातली भाकरी दिलीत. मी ते बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

आता श्रावणातलं. आठ दिवस उघडीप होती. वेल्ह्याच्या रस्त्यावर पुण्याच्या एका साहेबांच्या बंगल्यासाठी डोंगराचा पाय बारा फूट मागं घ्यायचा होता. साहेबांना घाई, आणि मी शब्द दिलेला. तुम्ही नेहमीसारखे पहारीचा आधार घेत वर चढलात. वर एक भेग दिसली. तुम्ही भेगेच्या दोन्ही अंगांना दोन खुंट्या ठोकल्या, त्यांना सुतळी बांधलीत, मध्ये बोटभर झोळ ठेवलात आणि खाली येऊन जेवायला बसलात. जेवून वर गेलात. झोळ गेला होता. सुतळी ताठ. म्हणजे भेग रुंदावतेय, हा तुमचा हिशेब.

‘शेट, नको,’ तुम्ही म्हणालात. साहेबांच्या समोर.

‘सुतळी आहे ती. धुक्यात भिजली, आखडली. एवढ्यावर मशीन थांबवायचं?’

‘आखडली आसंल बी. पन नको.’

‘आसंल बी म्हणजे? खात्री आहे का तुमची?’

‘खात्री कशी आसंल? डोंगराच्या पोटात कोन गेलंय?’

मला तिथेच आग लागली. दोन टोकं ओढून धरायची ती तुमची रीत. खात्री नाही म्हणता आणि काम तर बंदच. सौदा असा होत नाही. मी बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. ‘भीती वाटायला लागली असेल तर घरी बसा आणि शेळ्या पाळा. म्हाताऱ्या माणसाचं काम नाही हे.’

तुमचा चेहरा हलला नाही. ‘भ्या वाटतं म्हनून तर तीस वर्षं मशीनवर हाय,’ म्हणालात, चावी माझ्या हातावर ठेवलीत आणि मोटारसायकलीला किक मारलीत.

मी चावी बाळूकडे दिली. ‘करशील ना?’ ‘व्हय शेट.’ चार दिवसांत काम झालं. डोंगर जागच्या जागी. साहेब खूश. पाचव्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्या दरडीला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बशीरभाईंना कुणीतरी फोटो पाठवा रे.’ सगळे हसले. मला तेव्हा वाटलं की माझ्याबरोबर हसतायत. आता त्या हसण्याची मला भीती वाटते. त्या दिवशी दहा माणसं एकदम एक धडा शिकली, की ‘नको’ म्हणणाऱ्याला घरी बसवतात, आणि ‘व्हय’ म्हणणाऱ्याचं काही बिघडत नाही.

तुम्ही परत आला नाहीत. मी फोन केला नाही. भाव ठरवताना मी असाच गप्प बसतो; समोरचा अस्वस्थ होतो आणि स्वतःच खाली येतो. दोन महिने मी तुमच्या फोनची वाट बघत बसलो, आणि मनात वाक्यसुद्धा तयार होतं, ‘या, झालं गेलं सोडा.’ जसं काही मीच मोठं मन करणार होतो. तुम्ही अस्वस्थ झाला नाहीत. दसऱ्याच्या चार दिवस आधी सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. एवढी वर्षं मी भलेभले वाकवले, आणि तुमच्यापुढं गप्प बसूनही हरलो.

दसऱ्याला मशीनं धुतली, झेंडूचे हार घातले. दर वर्षी धुवायचं काम तुम्ही दुसऱ्याला करू देत नव्हता. साखळीतला शेवटचा खडा निघेपर्यंत नारळ फोडायचा नाही. या वेळी मी लवकर फोडला. पूजेनंतर सगळ्यांना बकेटपाशी उभं केलं आणि तुमच्यासारखंच विचारून बघितलं, ‘आज कशाची भीती वाटते?’

आधी हौसाबाई म्हणाल्या, ‘कशाची न्हाई शेट.’ मग सगळे एकापाठोपाठ, ‘कशाची न्हाई.’ शाळेत हजेरी द्यावी तसं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, मला कुठलं उत्तर आवडेल ते शोधत. बशीरभाई, इतक्या माणसांत मी एकटा उभा होतो.

चार दिवसांनी भाटघरचं काम आलं. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिच्या रस्त्याचं एक वळण अरुंद, एसटी वळत नाही, त्यामुळे वाडीच्या मुली खाली फाट्यापर्यंत चालत येतात. वळणाच्या आतला डोंगर आठ फूट मागं घेतला की एसटी वाडीत येणार. सरपंचबाई स्वतः दाखवायला आल्या होत्या. ‘शेट, दिवाळीच्या आत यस्टी आली पायजे. समदी म्हनत्यात, तुमी शबुद दिला की काम झालं.’ मी शब्द दिला. सवयच ती.

मशीन आणायच्या आदल्या दिवशी मी बाळूला घेऊन जागेवर गेलो. माती वरून कोरडी, गवत पिवळं पडायला लागलेलं. खालच्या बाजूला मात्र एका ठिकाणी दगडातून पाणी ठिबकत होतं.

‘काय वाटतं?’

‘तुमी म्हणाल तसं शेट.’

‘मी काय म्हणतोय ते सोड. तुला काय वाटतं?’

‘करू की.’

‘पाणी दिसत नाही का तुला ते?’

‘दिसतंय की.’

‘मग?’

‘मंग... तुमी म्हणाल तसं.’

माझा आवाज चढला. ‘अरे, मी म्हणेन तसं म्हणजे काय रे! तोंड आहे की नाही तुला? घाबरतोस कशाला मला?’ हे मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की वरच्या शेतातला माणूस उभा राहून बघायला लागला. आणि बाळू दोन पावलं मागं सरला, कबरीच्या कडेपासून सरला होता तसाच. त्याला जिची भीती होती ती कच्ची कड मीच होतो.

मी पुढं काही न बोलता वर चढायला लागलो. गुडघे दुखतात, तुम्हाला माहीत आहे. दोनदा घसरलो. मागून बाळू निमूट येत होता. वर वीस पावलांवर गवतात भेग होती. फार रुंद नाही, माझी करंगळी जाईल एवढी. मी तिच्या शेजारी बसलो. खाली वळणावर तेव्हाच शाळेतून मुली चालत येत होत्या. अगदी भेगेच्या रेषेत खाली.

‘बाळू,’ मी म्हणालो, ‘मला भीती वाटते.’

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काम करणाऱ्या माणसासमोर बोललो. तुमच्यासमोरही नाही. बाळू बराच वेळ भेगेकडे बघत राहिला. मी काही विचारलं नाही. गप्प बसणं एवढं अवघड असतं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

‘मला बी,’ तो म्हणाला. आणि मग एकदम, ‘येल्ह्याला बी वाटत हुतं.’

‘वेल्ह्याला? साहेबांच्या कामाला?’

‘दुसऱ्या दिवशी दगडं सुटली शेट. तीन डाव. मोठाली न्हाई, पन मशीनच्या हातावर, बूमवर आदळली. म्या तिन्ही डाव मशीन मागं घेतलं. येकदा तर दरवाजा उघडून उडी मारायच्या बेतात हुतो.’

‘मी तिथेच होतो!’

‘तुमी सायबांसंगट चहा पीत हुता. पाठ हुती तुमची.’

मी त्या दरडीला टेकून उभा राहिलो होतो, बशीरभाई. हसत.

‘मला का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तोंडातून निघाला तेव्हाच मला उत्तर माहीत होतं, आणि बाळूनंही ते दिलं नाही. तो फक्त म्हणाला, ‘भाईंना सांगितलं म्या. भोरला घरी जाऊन.’

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दोन महिने तुम्हाला माहीत होतं की तुमचं बरोबर होतं आणि माझं नशीब होतं. एक फोन करून तुम्ही माझी मान खाली घालू शकला असता. मी तुमच्या जागी असतो तर त्याच दिवशी केला असता, आणि दहा जणांना बाजूला बसवून केला असता. मी बाळूला विचारलं, भाई काय म्हणाले?

‘म्हनले, मला सांगून काय उपेग? त्याला सांग. मी म्हनलो, शेट खाईल मला. तर म्हनले, खाऊ दे, पन तूच सांग. म्या सांगितलं तर त्ये माझं आन् त्याचं भांडण व्हईल, तुझं त्वांड काय उघडायचं न्हाई.’

मग बाळूनं खाली बघत आणखी एक सांगितलं. तुम्ही म्हणाला होता, ‘शेटचं येक बरुबर हाय. सुतळी दवानं आखडती. फुडच्या येळी तार घे.’

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. अजून आहे. माझं एक बरोबर आहे, हे तुम्ही बाळूला सांगितलंत, बायकोलाही सांगितलं असेल, आणि मला नाही! तेवढं एक वाक्य पाठवलं असतं तर मी धावत भोरला आलो असतो. तुम्ही वाट बघत बसलात, की बाळू येऊन मला सांगेल. मी वाट बघत बसलो, की तुम्ही फोन कराल. बाळू वाट बघत होता, की मी एखाद्या दिवशी बरा असेन. तिघं आपापल्या जागी बसून राहिलो आणि मध्ये तुम्ही गेलात. यात तुमचीही चूक आहे. एवढी मी तुमच्या पदरात घालणारच.

पण घरी येऊन मी खरं खरं आठवून बघितलं. तुम्ही फोन केला असतात तर मी काय केलं असतं? आधी तुम्हाला म्हणालो असतो, खोटं आहे. मग बाळूला बोलावून सगळ्यांसमोर सोलला असता. आणि त्यानं पुन्हा कधी मला दगड सुटल्याचं सांगितलं नसतं, तुम्हालाही नसतं. हे तुम्हाला माहीत होतं. माझ्यापेक्षा तुम्ही मला जास्त ओळखत होता, याचीही मला थोडी भीतीच वाटते.

त्या भेगेशी बसून बाळू शेवटी म्हणाला, ‘हितं नको शेट.’

खरं सांगतो, मला सगळं एकदम आठवलं. दिलेला शब्द, सरपंचबाई, एसटी, दिवाळी, आणि हा कोण मला सांगणारा? मीच विचारलं होतं, मीच भेगेपाशी बसलो होतो, तरी ‘नको’ ऐकल्यावर माझं रक्त तसंच उसळलं. पुढचं वाक्य काय निघेल याची मलाच धास्ती होती. मी दात आवळले. जवळचं गवत मुठीत धरलं.

‘बरं,’ मी म्हणालो.

एवढंच. दुसरा शब्द बोललो असतो तर बिघडलं असतं.

सरपंचबाईंना मी भेग नेऊन दाखवली, ठिबकणारं पाणी दाखवलं. सांगितलं, डोंगर तोडू नका, बाहेरच्या बाजूनं दगडी भिंत बांधून रस्ता रुंद करा, आणि त्याआधी कुणातरी जाणत्या इंजिनिअरला आणा. त्यांनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं. ‘पैलवानावानी बोलून काम घेतलंत. आता भिताड बांधा म्हनता. तवर आमच्या पोरींनी चालतच यायचं व्हय? मशीन तुमचं, भ्या तुमचं, तंगड्या आमच्या पोरींच्या!’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी दुसऱ्या मशीनवाल्याला बोलावलं. मी त्यालाही फोन करून भेगेचं सांगितलं. तो हसला. ‘शेट, वय झालं का काय तुमचं?’ बशीरभाई, तेच शब्द. जवळजवळ तेच.

त्यानं दोन दिवसांत वळण तोडलं. दिवाळीच्या आधी वाडीत एसटी आली, हार घातलेली. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. आणि डोंगर उभा आहे. एक खडा पडलेला नाही.

आपल्या माणसांनी बाळूची टर उडवायला सुरुवात केली. ‘काय बाळूशेट, डोंगर कुठवर आलाय?’ ‘भाईचं भूत बसलंय रं याच्या मानगुटीवर.’ मी परवा मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. दरड उभी होती, उन्हात, शांत. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मला वाटलं, ही पडावी. एकदा पडावी, रिकाम्या वेळी, म्हणजे सगळ्यांना कळेल. तेवढ्यात वळणावरून एसटी आली, खिडक्यांत मुली. मी गाडी बाजूला घेतली. आपलं खरं व्हावं म्हणून माणूस कुठपर्यंत जातो! तुम्ही त्या दोन महिन्यांत वेल्ह्याची दरड पडावी असं एकदा तरी मनात आणलं होतं का? मला वाटत नाही. हे विचारायचं राहिलं.

मी पुन्हा सरपंचबाईंकडे गेलो. निदान भेगेवर तार बांधू द्या, पावसाळ्याआधी भिंतीचं बघा, म्हणून सांगितलं. त्यांनी चहा दिला. ‘बघू,’ म्हणाल्या. तार बांधू दिली.

काल सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बाळू माझ्यापुढं येऊन उभा राहिला. सगळे होते. हौसाबाई होत्या, टर उडवणारे होते.

‘शेट, उभी हाय अजून. माझं चुकलं का?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुन्हा तेच डोळे, उत्तर शोधणारे.

‘नाही चुकलं,’ मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘आणि वेल्ह्याला बशीरभाईंचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. तिथं दगड सुटले होते.’

हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. हे वाक्य तुमचं होतं, बशीरभाई. तुमच्या दारात येऊन द्यायचं होतं. ते मी तुम्ही नसताना दिलं, आणि याबद्दल मला स्वतःला काहीही सूट देता येत नाही.

पण आता मला नवीनच भीती लागली आहे आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही. बाळू आता ‘नको’ म्हणायला शिकला. उद्या-परवा तो पुन्हा म्हणेल, दुसराही कुणी म्हणेल. आणि कधीतरी त्याचं खरंच चुकलेलं असेल. डोंगर पक्का असेल, पाणी नसेल, भेग जुनी, मेलेली असेल, आणि मला ते स्वच्छ दिसत असेल. तुमच्यासमोर कितीदा तरी मला असंच स्वच्छ दिसायचं. त्या दिवशीही मला आधी दात आवळून ‘बरं’ म्हणावं लागेल, मगच बाकीचं बोलता येईल. ते मला जमेल का, मला माहीत नाही.